विषाणू धरून ठेवणारा चिपवरचा प्रकाश

इंदूरला राजेंद्रनगरच्या बाजूला 'कॅट'चं मोठं आवार आहे. 2005 पासून त्याचं नाव राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र झालं, तरी इथल्या माणसाच्या तोंडी अजून कॅटच असतं. तिथे काय चालतं असं विचारलं की जाणकार माणूस इंडस-1 आणि इंडस-2 ची नावं घेतो. इंडस-2 म्हणजे 172 मीटर परिघाचं कडं. त्यात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगानं फिरतात आणि वळणावर क्ष-किरण बाहेर टाकतात. एवढं यंत्र आपल्या गावात असल्यावर कौतुक त्याचंच होणार. पण त्याच आवारात, टेबलावर मावेल अशा मांडणीत झालेलं एक छोटं काम मला जास्त भावतं, आणि आजचा विषय, म्हणजे चिपवरच्या प्रकाशानं विषाणू धरणं, समजायला तेच उपयोगी आहे.

2004 मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा जास्त खारट द्रावणात सोडल्या आणि लेसरच्या बारीक झोतात एकेक पेशी धरली. खारट पाण्यात पेशीतलं पाणी बाहेर जातं, तिचा आकार बदलतो. अशी पेशी झोतात धरली की ती आपोआप गरगर फिरू लागते. कारण वेड्यावाकड्या आकारावरून जाणारा प्रकाश एका अंगाला जास्त वळतो आणि पेशीला पीळ बसतो. आता मलेरियाचा परजीवी शिरलेली पेशी त्याच ताकदीच्या झोतात धरली, तर ती फिरलीच नाही. शिवाय त्याच रुग्णाच्या रक्तातल्या, परजीवी नसलेल्या पेशीसुद्धा निरोगी माणसाच्या पेशींपेक्षा सुमारे दहापट हळू फिरल्या. मलेरियात पेशीचं आवरण ताठर होतं, ते असं दिसून आलं. कुठला रंग नाही, रसायन नाही. पेशी प्रकाशात धरली आणि ती कशी वागते ते पाहिलं.

तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटर रुंद असते. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पेशींच्या दुनियेत ती काही फार लहान नाही, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातही दिसते. डेंग्यूचा विषाणू मात्र 50 नॅनोमीटरचा, आणि नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचाही हजारावा भाग. घनफळाचा हिशेब केला तर एका तांबड्या पेशीच्या जागेत डेंग्यूचे तेरा-चौदा लाख विषाणू मावतील. पेशीला धरणारा झोत विषाणूला धरू शकेल का? टेबलावरच्या लेसरनं ते फार जड जातं. म्हणून गेली काही वर्षं हे काम काचेच्या भिंगांकडून सिलिकॉनच्या चिपकडे सरकत आहे.

आधी प्रकाश धरतो कसा, ते पाहू. माझ्याकडे शिकायला येणारी अकरावी-बारावीची मुलं इथे हमखास अडतात. प्रकाशाला वस्तुमान नाही, मग धक्का कसा देईल? उत्तर असं की धक्का द्यायला संवेग लागतो, आणि प्रकाशाला संवेग आहे. मॅक्सवेल यांच्या विद्युतचुंबकीय सिद्धांतातून तो एकोणिसाव्या शतकातच निघाला होता. पुढे 1900-01 च्या सुमारास रशियात लेबेदेव यांनी आणि अमेरिकेत निकोल्स आणि हल यांनी प्रकाशाचा दाब प्रत्यक्ष मोजला. दाब अगदी क्षीण असतो. मे महिन्यात इंदूरच्या गच्चीवर भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॅटचं ऊन पडतं, आणि ते सगळं शोषलं गेलं तरी त्याचा भार एक तृतीयांश मिलिग्रॅमएवढाच होतो. तुम्हा-आम्हाला तो जाणवण्याचा प्रश्नच नाही.

मात्र जिच्यावर तो भार पडतो ती वस्तूही तितकीच चिमुकली असेल तर गोष्ट बदलते. 1 मिलिवॅटचा लेसर झोत पूर्ण शोषला गेला तर तीन पिकोन्यूटनच्या थोडं वर बल देतो. पिकोन्यूटन म्हणजे एका न्यूटनचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. पाण्यात तरंगणाऱ्या तांबड्या पेशीचं, पाण्याची उचल वजा जाता, उरलेलं वजन एका पिकोन्यूटनच्या दशांशाच्या आसपास भरतं. म्हणजे वर्गात फळ्यावर दाखवायला वापरतात तेवढ्या ताकदीच्या प्रकाशातही अशी पेशी उचलण्याचं बळ आहे.

पण ढकलणं वेगळं आणि धरणं वेगळं. ढकललेली गोष्ट निघून जाते. इथे अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले आर्थर ॲश्किन यांचं नाव येतं. 1970 मध्ये त्यांनी पाण्यातल्या बारीक पारदर्शक मण्यांवर लेसर सोडला. मणी पुढे ढकलले जाणार हे अपेक्षित होतं. तसे ते गेलेही, पण जाताना झोताच्या मधोमध ओढलेही गेले. कडेला असलेला मणी उजेडाच्या दिशेनं सरकत होता. कारण समजायला सोपं आहे. पारदर्शक मण्यातून जाताना प्रकाश वळतो. वळला म्हणजे त्याच्या संवेगाची दिशा बदलली, आणि ती बदलण्याची परतफेड मण्याला उलट दिशेच्या धक्क्यानं मिळते. मण्याची एक बाजू जास्त उजेडात आणि दुसरी कमी उजेडात असेल तर दोन्हीकडचे धक्के सारखे नसतात, आणि वजाबाकी करून जे उरतं ते मण्याला उजेडाकडे नेतं. 1986 मध्ये ॲश्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच झोत भिंगातून इतका आवळला की केंद्राकडे ओढणारं बल पुढे ढकलणाऱ्या बलावर मात करू लागलं. मणी एका जागी, हवेत टांगल्यासारखा, पाण्यात थांबला. यालाच प्रकाशाचा चिमटा म्हणतात. दुसऱ्याच वर्षी त्यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणारा विषाणू आणि जिवंत जिवाणू धरले. हिरव्या लेसरमध्ये जिवाणू मरत होते, म्हणून त्यांनी अवरक्त प्रकाश घेतला, आणि मग यीस्ट आणि ई. कोलाय चिमट्यात असतानाच वाढले, विभागले. या कामासाठी ॲश्किन यांना 2018 मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा ते 96 वर्षांचे होते.

तर विषाणू 1987 मध्येच धरला गेला होता. मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण घनफळाची. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बराच लहान असेल तर त्याला केंद्राकडे ओढणारं बल त्याच्या घनफळाच्या प्रमाणात असतं. व्यास निम्मा केला की बल आठपट कमी होतं, दशांश केला की हजारपट. दुसरी अडचण भिंगाची. कितीही चांगलं भिंग घेतलं तरी प्रकाशाचा ठिपका साधारण अर्ध्या तरंगलांबीपेक्षा लहान होत नाही, विवर्तन (प्रकाशाचं तरंगासारखं पसरणं) आडवं येतं. 1064 नॅनोमीटरचा अवरक्त लेसर घेतला तर ठिपका अर्ध्या मायक्रोमीटरच्या आत जात नाही. 50 नॅनोमीटरच्या विषाणूसाठी तो ठिपका म्हणजे मैदान आहे. मैदानात उजेड एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असा फरक विषाणूच्या अंगावर जाणवतच नाही, आणि धरण्याचं सगळं बळ तर त्या फरकातूनच येतं. मग लेसरची ताकद वाढवायची. 100 मिलिवॅट प्रकाश एका चौरस मायक्रोमीटरवर आणला तर तो भर दुपारच्या उन्हाच्या दहा कोटी पट तीव्र होतो. एवढ्या प्रकाशात जिवंत काही ठेवायचं म्हणजे जपूनच.

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते, आणि हा लेख लिहायला बसले ते तिच्यासाठीच. पाण्याचे रेणू गप्प बसत नाहीत. ते सतत कणाला चहूकडून आदळत असतात. तांबड्या पेशीला त्याचं फारसं काही वाटत नाही. विषाणू मात्र त्या माऱ्यात भरकटतो. डेंग्यूच्या विषाणूएवढा कण साध्या पाण्यात सोडला तर एका सेकंदात तो सरासरी चार मायक्रोमीटरहून जास्त सरकतो, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या ऐंशी-नव्वदपट. अर्ध्या मायक्रोमीटरच्या ठिपक्यातून तो सेकंदाच्या काही हजारांश भागात बाहेर पडलेला असतो.

आता ओळखणाऱ्याच्या बाजूनं विचार करा. कण कशाचा आहे हे सांगणारे प्रकाशाचे इशारे फार मंद असतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 28 फेब्रुवारी 1928 ला जो परिणाम जाहीर केला, त्यात पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश आपला रंग किंचित बदलून येतो, आणि तो बदल त्या पदार्थाच्या रेणूंची खूण असतो. (आपण राष्ट्रीय विज्ञान दिन त्याच तारखेला पाळतो.) पण विखुरलेल्या फोटॉनांपैकी असा रंग बदलून येणारा फोटॉन दहा लाखांत, कधी कोटीत एखादाच. वाचता येईल एवढी खूण जमा व्हायला कण निदान काही सेकंद प्रकाशात राहायला हवा. सेकंदाच्या हजारांश भागात निसटणाऱ्या विषाणूकडून ती कशी मिळणार? कॅटमध्येही चिमट्यात धरलेल्या तांबड्या पेशींचे रामन वर्णपट घेतले गेले आहेत. पेशी धरून ठेवता आली म्हणूनच ते घेता आले. धरण्यानं वेळ मिळतो, आणि वेळ मिळाला की ओळख पटते. चिपवरच्या प्रकाशाची सगळी धडपड हा वेळ मिळवण्यासाठी आहे. बातम्यांमध्ये भर नेहमी 'किती लहान कण दिसला' यावर असतो. मला वाटतं 'तो किती वेळ थांबला' हा त्याहून मोलाचा आकडा आहे.

चिप ही अडचण सोडवते ती प्रकाशाची ताकद वाढवून नव्हे. ती प्रकाश आवळते आणि कणाच्या अगदी अंगाशी आणते.

घरोघरी इंटरनेट आणणाऱ्या फायबरमध्ये प्रकाश काचेच्या गाभ्यात अडकून पुढे जातो, कारण गाभ्याचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचं माप) भोवतालच्या थरापेक्षा जास्त असतो. चिपवरचा वेव्हगाइड हेच काम करतो, फक्त फार लहान मापात. सिलिकॉनचा अपवर्तनांक साडेतीनच्या जवळ, सिलिकॉन नायट्राइडचा दोन, पाण्याचा 1.33. फरक इतका मोठा असल्यामुळे अर्ध्या मायक्रोमीटरहून कमी रुंदीच्या पट्टीतही प्रकाश कोंडून राहतो, आणि ही पट्टी मोबाईलमधली चिप ज्या पद्धतीनं कोरतात त्याच पद्धतीनं कोरता येते.

शाळेत पूर्ण आंतरिक परावर्तन शिकवताना आपण सांगतो की सगळा प्रकाश आत परत फिरतो. ते पुरतं खरं नाही. परत फिरण्यापूर्वी प्रकाशाचं क्षेत्र काठाबाहेर थोडं पसरलेलं असतं आणि 100 ते 200 नॅनोमीटरच्या आत विरून जातं. याला इव्हनेसंट फील्ड म्हणतात. वेव्हगाइडवरून पाणी सोडलं तर पाण्याचा जो थर पट्टीला चिकटून आहे, त्यात हा बाहेर आलेला प्रकाश असतो. पट्टीलगत तीव्र, आणि विषाणूच्या दोन-तीन रुंदींएवढं वर गेलं की जवळपास शून्य. उजेडाचा जो उतार भिंगाला कधी जमला नाही, तो इथे भिंगाशिवाय मिळाला, आणि तोही एका ठिपक्यात नाही तर पट्टीच्या सबंध लांबीवर. त्या थरात आलेला कण पट्टीकडे ओढला जातो आणि मग प्रकाश ज्या दिशेनं चालला आहे त्या दिशेला पट्टीवरून सरकत जातो. जपानमध्ये कावाता आणि तानी यांनी 1996 मध्ये वेव्हगाइडवर कण असे चालवून दाखवले.

यापुढची युक्ती मला फार सुंदर वाटते. पट्टी मधोमध चिरायची. दोन सिलिकॉनच्या भिंती आणि त्यांच्यामध्ये सुमारे 100 नॅनोमीटरची फट, फटीत पाणी. भिंतीला लंब असलेलं विद्युतक्षेत्र जास्त अपवर्तनांकाकडून कमी अपवर्तनांकाकडे जाताना एकदम वाढतं, आणि ते दोन्ही अपवर्तनांकांच्या वर्गांच्या गुणोत्तरानं वाढतं. सिलिकॉन आणि पाणी यांच्यासाठी हे गुणोत्तर सात-एक येतं. म्हणून सगळ्यात तीव्र प्रकाश भिंतीत न राहता पाण्यानं भरलेल्या फटीत गोळा होतो, नेमका जिथे कण यायचा तिथेच. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मिशाल लिप्सन यांच्या गटानं 2004 मध्ये असा फटीचा वेव्हगाइड मांडला, आणि 2009 मध्ये तिथेच डेव्हिड एरिक्सन यांच्या गटासोबत अशा फटीत 75 नॅनोमीटरचे कण आणि लॅम्डा विषाणूचा डीएनए धरून दाखवला. एकेकटा डीएनएचा रेणू, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगानं आवळलेल्या झोताविना! ते वाचलं तेव्हा मी लोकमान्यनगरातल्या माझ्या विद्यार्थ्यांना सगळं सोडून फळ्यावर त्या फटीची आकृती काढून दाखवली होती.

आणखी एक रचना आहे, कड्याची. वेव्हगाइडची पट्टी गोल वळवून तिची दोन्ही टोकं जोडायची, शेजारून एक सरळ पट्टी न्यायची. सरळ पट्टीतला थोडा प्रकाश कड्यात शिरतो आणि फिरत राहतो. विजापूरचा गोल घुमट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल: सज्जात भिंतीजवळ पुटपुटलेले शब्द भिंतीच्या वळणाला धरून पलीकडच्या माणसापर्यंत पोचतात. ध्वनी भिंतीला चिकटून फिरतो, तसा इथे प्रकाश कड्याला धरून फिरतो. रामन यांनी 1921 मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स चर्चमधल्या अशाच सज्जाचा अभ्यास केला होता, आणि आज या प्रकारच्या कड्यांना शास्त्रज्ञ त्या सज्जांचंच नाव देतात. कड्याच्या परिघात तरंगलांब्या नेमक्या पूर्ण संख्येनं बसल्या तर प्रत्येक फेरीचा प्रकाश आधीच्या फेरीत मिसळून वाढत जातो; यालाच अनुनाद म्हणतात. कुठे शेकडो फेऱ्या होतात, कुठे हजारो. बाहेरून आलेला प्रकाश थोडाच, पण कड्यात साठलेला कितीतरी पट. कॅटमधलं इलेक्ट्रॉनांचं कडं 172 मीटरचं. प्रकाशाचं हे कडं केसाच्या जाडीएवढ्या व्यासाचंही असू शकतं.

कड्यात धरणं आणि ओळखणं ही दोन वेगळी कामं राहत नाहीत. कण कड्याजवळ येऊन चिकटला की बाहेर पसरलेल्या प्रकाशाला पाण्याऐवजी कण लागतो. कणाचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा जास्त, त्यामुळे कड्याची लांबी प्रकाशाच्या दृष्टीनं अगदी किंचित वाढते, आणि अनुनाद होतो ती तरंगलांबी सरकते. हे सरकणं मोजायचं. 2008 मध्ये फ्रँक फोल्मर आणि स्टीफन अर्नोल्ड यांनी काचेच्या चिमुकल्या गोळीत फिरणाऱ्या प्रकाशावर इन्फ्लुएन्झाचे विषाणू एकेक करून मोजले. प्रत्येक विषाणू चिकटला की आलेखात एक पायरी. पायरीच्या उंचीवरून विषाणूचा आकार काढता आला. ती गोळी चिपवर नव्हती, पण चिपवरची कडी याच तत्त्वावर चालतात. त्यात आणखी एक गंमत आहे. काही रचना अशा आखता येतात की कण आत असतानाच अनुनाद जमतो. कण बाहेर सटकू लागला की प्रकाशाचं वागणं अशा प्रकारे बदलतं की पकड घट्ट होते. म्हणजे कणाला धरायला कणाचीच मदत होते, आणि कमी प्रकाशात काम भागतं.

सगळे प्रकाशाला पट्टीत ठेवून कणाला जवळ बोलावत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ विद्यापीठातल्या होल्गर श्मिट यांच्या गटानं, युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाबरोबर, पोकळ वेव्हगाइड बनवले, ज्यात प्रकाश थेट पाण्यातूनच वाहतो. पाण्याच्या नळीच्या दोन्ही टोकांकडून प्रकाश सोडायचा. जाता जाता दोन्ही झोत क्षीण होत जातात. दोघांचे धक्के सारखे होतील अशी एकच जागा नळीत असते, कण तिथे येऊन थांबतो. एका बाजूची ताकद थोडी वाढवली की थांबण्याची जागा सरकते, आणि कण हवा तिथे नेता येतो. धक्का देणाऱ्या बलाचाच धरण्यासाठी वापर! ॲश्किन यांनी 1970 मध्ये समोरासमोरचे दोन झोत वापरले होते, तीच कल्पना इथे नळीत आली.

पण उष्णतेचं काय? इथे तरंगलांबीची निवड फार महत्त्वाची आहे. दूरसंचारासाठी बनलेली सिलिकॉनची सगळी यंत्रसामग्री 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी आहे, आणि सुरुवातीच्या प्रयोगांत तीच वापरली गेली. पण या प्रकाशाला पाणी चांगलंच शोषून घेतं. पाण्यात एक मिलिमीटर जाईपर्यंत निम्म्याहून जास्त प्रकाश उष्णता होऊन जातो. पाणी तापलं की प्रवाह उठतात, कण भरकटतात, प्रथिनं बिघडतात. 800 ते 1064 नॅनोमीटरच्या पट्ट्यात पाणी प्रकाशाला बरंच मोकळं सोडतं. मात्र 1100 नॅनोमीटरच्या खाली सिलिकॉन स्वतःच प्रकाश शोषतं. म्हणून जीवशास्त्रासाठी चिप बनवणारे सिलिकॉन नायट्राइडकडे वळले. त्याचा अपवर्तनांक कमी, त्यामुळे प्रकाश तितका आवळला जात नाही, पण नमुना थंड राहतो. सोन्याच्या बारीक छिद्रांत प्रकाश गोळा करणारी रचनाही आहे. तीत एकेकटं प्रथिनसुद्धा धरलं गेलं आहे, पण सोनं पटकन तापतं.

चिपची आणखी एक मर्यादा तिच्या ताकदीतूनच येते. प्रकाश पृष्ठभागापासून 100-200 नॅनोमीटरपर्यंतच पोचतो, मग कणानं तिथवर यायचं तरी कसं? पाण्याचा प्रवाह कणांना पट्टीजवळून नेतो, पण त्यातले बहुतेक वरूनच निघून जातात. शिवाय नमुना चिपला थेट टेकतो, म्हणजे रुग्ण बदलला की चिप बदला किंवा धुवा. मोठ्या पेशींच्या बाबतीत यावर 2024 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतून एक उत्तर आलं. त्यांच्या चिपवर बारीक ॲन्टेनांची रांग होती. प्रत्येकीतून निघणारा प्रकाश एकमेकांशी जुळवून घेतला की तो चिपच्या वर, पाच मिलिमीटरवर, केंद्रित होतो. पेशी काचेच्या पट्टीआड आपल्या स्वच्छ भांड्यात राहतात आणि चिप खालून त्यांना धरते. त्यांनी उंदराच्या पेशी अशा धरल्या, ताणूनही पाहिल्या. विषाणूंसाठी मात्र अंतर ठेवून हा खेळ जमत नाही, कारण दूर गेलं की प्रकाश पुन्हा विवर्तनाच्या मर्यादेत सापडतो.

आता आपल्या घरातला प्रश्न. सप्टेंबर-ऑक्टोबरात इंदूरमध्ये ताप आला की आधी डेंग्यूची चाचणी, मग रोज सकाळी 'प्लेटलेट किती आल्या' ही चौकशी. अशा वेळी प्रकाशाची चिप उपयोगी पडेल का? डेंग्यूसाठी एनएस-1 चाचणी तापाच्या पहिल्या दिवसांतच विषाणूचं प्रथिन पकडते आणि स्वस्तही आहे, त्यामुळे तिथे चिपची घाई नाही असं मला वाटतं. चिपची खरी जागा तिथे आहे जिथे कण फार थोडे असतात, किंवा जिथे प्रत्येक कण वेगळा पाहायला लागतो. शरीरातल्या पेशी सतत 30 ते 150 नॅनोमीटरच्या पिशव्या रक्तात सोडत असतात, त्यांना एक्झोसोम म्हणतात. कर्करोगाच्या पेशीही सोडतात, आणि त्या पिशव्यांमध्ये मूळ पेशीची प्रथिनं आणि आरएनए असतात. लाखो पिशव्यांची सरासरी काढली तर गाठीच्या मोजक्या पिशव्या त्यात बुडून जातात. एकेक पिशवी धरून तिचा रामन वर्णपट घेता आला, तर त्या मोजक्या वेगळ्या काढता येतील. हे झालं तर ऊतीचा तुकडा न काढता रक्ताच्या थेंबातून बरंच काही कळेल. या कामाबद्दल मला मनापासून आशा वाटते ती यामुळेच.

आणि इथेच सगळ्यात अवघड जागा आहे. प्रकाश कणाची जात ओळखून धरत नाही. त्याला दिसतो तो फक्त आकार आणि अपवर्तनांक. रक्ताच्या प्लाझ्मात दर लिटरला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं असतात. शिवाय चरबी वाहून नेणारे कण असतात: काही 20-25 नॅनोमीटरचे, काही 30 ते 80 नॅनोमीटरचे, म्हणजे एक्झोसोमच्याच मापाचे. जेवल्यावर त्यांत आणखी भर पडते. त्यामुळे चिपच्या फटीत आलेला कण आजाराची खबर घेऊन आलेला आहे की दुपारच्या जेवणातल्या तुपाची, हे नुसत्या धरण्यावरून कळत नाही. कड्याच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रतिपिंडं चिकटवली तर नेमकी ओळख होते, पण मग कण कायमचा चिकटतो आणि कडं पुन्हा वापरता येत नाही. रामन वर्णपट घेतला तर वेळ लागतो आणि एका वेळी एकच कण तपासून होतो. म्हणून बहुतेक गट चिपच्या आधी नमुना गाळणारी, धुणारी दुसरी चिप जोडतात. सांता क्रूझच्या गटानं 2015 मध्ये इबोलाचा आरएनए प्रती न वाढवता थेट मोजला, तेव्हा त्यांनीही नमुना तयार करायला वेगळी चिप लावली होती, आणि प्रकाशाची चिप त्यानंतर.

पुढच्या वेळी 'प्रकाशानं विषाणू पकडणारी चिप' अशी बातमी वाचलीत तर त्यात एक गोष्ट शोधा. प्रयोग स्वच्छ क्षारद्रावणात केला होता की रुग्णाच्या रक्तात, आणि रक्तात केला असेल तर ते चिपवर यायच्या आधी त्यातून काय काय काढून टाकलं होतं.